दोन पंखांमधल्या तारा

प्रश्न : पुण्यात मुलीकडे गेलो होतो. तिच्या शेजाऱ्यांच्या घरी काचेच्या कपाटात पहिल्या महायुद्धातलं दोन पंखांचं एक छोटं विमान पाहिलं. तळहातावर मावेल एवढंच. दोन पंखांच्या मध्ये केसासारख्या तारांचं जाळं होतं आणि एकाही तारेला झोळ नव्हता. माझं आयुष्य यंत्रमागावर गेलं. ताण्याचा एक धागा सैल पडला तर कापडाचं काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तिथून पाय निघेना. ज्यांनी ते बनवलं ते नेमके परगावी गेले होते. या तारा कशाच्या असतात? एवढ्याशा जागेत हात कसा जातो? खऱ्या विमानाला खरोखर इतक्या तारा होत्या का? आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे शिकता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या चार प्रश्नांपैकी तिसरा मी आधी घेतो. खऱ्या विमानात तारा काय करत होत्या हे कळलं, की छोट्या विमानात त्या कशा बसवायच्या याचं निम्मं उत्तर हाती येतं. मी पहिली दोन विमानं हे न समजून घेता बनवली. खोक्यावरचं चित्र समोर ठेवून रेघा ओढल्यासारख्या तारा लावत गेलो आणि दोन्ही वेळा फसलो.

मागाच्या शेडमध्ये उभे असाल तर मान वर करून छपराकडे बघा. पत्रे तोलणारी लोखंडी कैची दिसेल. तिचे काही दांडे दाब सोसतात, काही ताण. ताण सोसणारा दांडा बारीक असला तरी भागतं, कारण ओढल्याने तो वाकत नाही. दाब सोसणारा मात्र जाडजूड लागतो, नाहीतर मधोमध वाकून जातो. दोन पंखांचं विमान म्हणजे लाकडाची आणि तारांची अशीच कैची. वरचा पंख आणि खालचा पंख या तिच्या दोन लांब कडा. त्यांच्यामधले उभे स्ट्रट दाब घेतात, तिरक्या तारा ताण घेतात. तारा काढून टाकल्या तर पंख जमिनीवरच कोसळतील.

हा सांधा माझ्या मनचा नाही. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वेचे अभियंते. कॅन्सस सिटीला मिसुरी नदीवर 1869 साली झालेला पूल त्यांनीच बांधला. पुढे त्यांना उड्डाणाचा ध्यास लागला आणि 1896च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी दोन पंखांचं एक ग्लायडर आणलं. पंख एकमेकांशी कसे जखडायचे यासाठी त्यांनी पुलांसाठी वापरात असलेली प्रॅट कैची जशीच्या तशी उचलली, फक्त लोखंडाच्या जागी लाकूड आणि तार घेतली. ग्लायडर उडवायला तरुण सहकारी होते, बांधणीचं डोकं शनूट यांचं. राइट बंधूंनी तीच रचना घेतली आणि 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचं विमान उडालं तेही असंच तारांनी बांधलेलं. वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर आणलं तेव्हा शनूट 64 वर्षांचे होते. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच दिलं असं समजा, उरलेलं शेवटी सांगतो.

आता तारांमधले भेद. विमान जमिनीवर उभं असताना पंख आपल्याच वजनाने खाली लोंबू पाहतात. त्यांना वरून धरून ठेवतात त्या लँडिंग वायर. या विमानाच्या मध्यभागी वर सुरू होतात आणि तिरक्या खाली जाऊन बाहेरच्या स्ट्रटच्या पायथ्याशी पोचतात. विमान हवेत गेलं की सगळंच उलटं होतं. आता अख्खं धड पंखांना लटकलेलं असतं आणि पंख वरच्या दिशेने दुमडू पाहतात. त्यांना खाली ओढून धरतात त्या फ्लाइंग वायर. या खाली धडापाशी सुरू होऊन वरच्या पंखाकडे, बाहेरच्या स्ट्रटच्या माथ्याशी जातात. यांच्यावर भार मोठा, त्यात लढाईत एखादी गोळी लागून तुटली तर दुसरी हवी, म्हणून या बहुतेक वेळा जोडीने असतात. समोरून पाहिलं की या दोन्ही प्रकारांची मिळून फुली दिसते. फुलीतली एक रेघ जमिनीवर काम करते, दुसरी आकाशात. याशिवाय पुढच्या आणि मागच्या स्ट्रटच्या मध्ये एक छोटी फुली असते. ती पंखाचा कोन बिघडू देत नाही. शेवटी वैमानिकाच्या हातापायांपासून शेपटीपर्यंत आणि पंखांच्या कडांपर्यंत जाणाऱ्या, विमान वळवण्याच्या तारा.

या तारांचा ताण जुळवणं हा तेव्हा स्वतंत्र हुद्दा होता. त्या माणसाला रिगर म्हणत. एक तार वाजवीपेक्षा जास्त आवळली तर पंखाला पीळ पडे आणि विमान एका अंगाला कलत उडे. आडदांड उतरणं झालं की रिगर पुन्हा एकेक टर्नबकल, म्हणजे तारेच्या टोकाचा आवळायचा स्क्रू, फिरवत ताण जुळवत बसे. तुमच्या ओळखीचं काम आहे ते.

एक फरक मॉडेलमध्ये नेमका दिसतो. गोल तार हवेला फार अडवते. तेवढ्याच जाडीची, पण माशासारखी निमुळती वस्तू हवेला तिच्या सुमारे दहाव्या हिश्शानेच अडवते. म्हणून फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत चपट्या, भिंगासारख्या छेदाच्या पोलादी तारा विकसित झाल्या आणि युद्धकाळातल्या ब्रिटिश विमानांवर त्या सर्रास दिसू लागल्या. जर्मनांनी पिळाची गोल केबलच ठेवली, टोकाला टर्नबकल लावून. तेव्हा ब्रिटिश विमानावर गोल चकचकीत तार दिसली तर बनवणाऱ्याने घाई केली असं समजायला हरकत नाही. फ्रेंचांचं स्पॅड 13 तर आणखी फसवं. समोरून बघाल तर दोन्ही बाजूंना पंखांमध्ये दोन-दोन खण, म्हणजे स्ट्रटनी पाडलेले कप्पे, आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात खण एकच. मधला बारीक दांडा भार घेत नाही. लांब तारा हवेत थरथरू नयेत म्हणून त्यांना मधोमध धरून ठेवायला तो आहे. हे कळल्यावर मी तो दांडा निम्म्याने बारीक घासला आणि विमान एकदम खरं दिसायला लागलं.

आता तारा कशाच्या. आधी आकार लक्षात घ्या. सगळ्यात प्रचलित प्रमाण 1:72, म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एक इंच. प्लॅस्टिकची किट या प्रमाणात 1936पासून मिळत आली आहेत. इंग्लंडच्या फ्रॉग कंपनीने तेव्हा ती पेंग्विन नावाने काढली. सॉपविथ कॅमल या गाजलेल्या लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 28 फूट, ते इथे बारा सेंटिमीटरहून किंचित कमी भरतात. सहा मिलिमीटरची तार इथे साधारण 0.08 मिलिमीटरची व्हायला हवी. माणसाचा केस 0.07च्या आसपास धरला तर तो या प्रमाणात पाच मिलिमीटरची तार होतो. तुम्ही ‘केसासारख्या’ लिहिलंत ते अगदी मापात बसतं.

एवढी बारीक तार मिळवण्याचा सगळ्यात जुना आणि माझ्या लेखी अजूनही सगळ्यात चांगला मार्ग फुकटचा आहे. किटमधले सुटे भाग प्लॅस्टिकच्या एका चौकटीला चिकटून येतात. भाग काढून घेतले की ती चौकट, म्हणजे स्प्रू, लोक टाकून देतात. तिचा वीतभर तुकडा घ्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत राहा. प्लॅस्टिक आधी चमकतं, मग मधोमध मऊ पडून खाली झुकतं. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घ्या, एक श्वास थांबा आणि दोन्ही हात लांब करा. सावकाश ओढलंत तर जाड तार, झटक्याने ओढलीत तर बारीक. हात तसेच ताणून दहा सेकंद धरायचे, नाहीतर ती लगेच वळते. पहिल्या पाच-सहा तारा वाया जातात, मग हाताला वेळ कळतो. चांगल्या निघालेल्या तारा मी जाडीप्रमाणे वेगळ्या करून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावून ठेवतो.

मग डिव्हायडरने दोन टोकांमधलं अंतर घ्यायचं, काचेवर तेवढी तार धारदार पात्याने कापायची आणि ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायची. ब्रशच्या ओलाव्याला ती आपोआप चिकटते. खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी लाकडाला लावतो त्या पांढऱ्या गोंदाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. तार ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. तुम्ही विचारलंत की एवढ्या जागेत हात कसा जातो. तो जातच नाही, ब्रशचं टोक तेवढं जातं.

एवढं केल्यावरही तारेला जरासा झोळ राहतोच. इथे तुमच्या घरातली उदबत्ती कामाला येते. गोंद पूर्ण वाळू द्या, रात्रभर थांबलात तर उत्तम. मग पेटलेल्या उदबत्तीचा निखारा तारेच्या खालून जवळ न्या, टेकवू नका, आणि लगेच काढून घ्या. डोळ्यांदेखत तार सरळ होते. त्याचं कारण असं : ओढताना प्लॅस्टिकचे लांबट रेणू एका दिशेने ताणले जातात आणि थंड होताना तसेच गोठतात. पुन्हा ऊब मिळाली की ते आखडू पाहतात. टोकं पक्की असल्यामुळे तारेला लांबी कमी करता येत नाही, ती फक्त ताठ होते. निखारा अर्धा क्षण जास्त राहिला तर मात्र तार मधोमध तुटते आणि दोन गुंडाळ्या होऊन कोपऱ्यात जाऊन बसते. मी हे किती तरी वेळा केलंय, तरी प्रत्येक वेळी ती तार ताठ होताना बघितली की काम थांबवून बघत राहतो.

दुसरा मार्ग नायलॉनचा, मासे धरायच्या गळाच्या सगळ्यात बारीक दोऱ्याचा. 1:48 किंवा 1:32 अशा मोठ्या मॉडेलला हाच बरा. पंखात 0.3 मिलिमीटरची भोकं पाडायची, खालच्या पंखात अर्ध्या खोलीपर्यंत, वरच्यात आरपार. दोरा खाली सुपरग्लूने पक्का करायचा, वरच्या भोकातून बाहेर काढायचा, त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवून ताण द्यायचा आणि गोंदाचा थेंब सोडायचा. मग वरचं टोक कापून, भोक भरून, पॉलिशपेपरने घासून तेवढ्याच जागी पुन्हा रंग. याने मॉडेल भक्कम होतं, पण दोन सावधगिऱ्या. चिमटा जड असला तर दोरा पंखालाच खाली वाकवतो. खऱ्या रिगरची चूक छोट्या विमानातही तशीच घडते. आणि नायलॉन हवेतला ओलावा पितं. मे महिन्यात ताठ बसवलेल्या तारा कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत ढिल्या पडलेल्या मी पाहिल्यात. दिवाळीनंतर त्या पुन्हा ताठ होतात, पण मधले चार महिने कपाटाकडे बघवत नाही. म्हणून नायलॉनचं काम भर पावसाळ्यात करावं असं माझं मत आहे. पुढे हवा कोरडी झाली की तारा थोड्या आवळतात, सुटत नाहीत.

तिसरा मार्ग लवचीक धाग्याचा. तो कितीही धक्का लागला तरी तुटत नाही. घरात नातवंडं असतील तर हाच घ्या.

तुमचा हात जिथे खरा अडेल ती जागा सांगतो, आणि तिचा बोटांच्या कौशल्याशी संबंध नाही. क्रम चुकला की सगळं अडतं. मी एकदा कॅमल बनवत होतो. रंग झाला, वरचा पंख बसला, स्ट्रट सरळ आले म्हणून खूश होतो. तारा लावायला बसलो आणि लक्षात आलं की खालच्या पंखात विमान वळवायच्या तारेचं भोक पाडायचंच राहिलं. आता दोन पंखांच्या मध्ये जेमतेम दोन सेंटिमीटरची फट. त्या फटीतून तिरकं ड्रिल घालून फिरवायला गेलो, ते पंखावरून घसरलं, एक स्ट्रट मोडला आणि पंखावर रंगीत गोलावरून आरपार ओरखडा गेला. तीन आठवड्यांचं काम. तेव्हापासून मी आधी कागदावर विमानाचं समोरचं आणि बाजूचं चित्र काढतो, प्रत्येक तारेला आकडा देतो, तिचं काम शेजारी लिहितो आणि सगळी भोकं वरचा पंख बसवण्याआधी पाडून मोजतो. रंग आणि डेकल, म्हणजे चिकटवायची चिन्हं, हेही आधीच. मग पुठ्ठ्याच्या साच्यात विमान धरून वरचा पंख बसवायचा. तारा लावताना आतून बाहेर यायचं : आधी धडाजवळच्या छोट्या फुल्या, मग स्ट्रटमधल्या, मग लँडिंग वायर, मग फ्लाइंग वायर, अगदी शेवटी शेपटीकडच्या. उलट गेलात तर बाहेरची तार आतला रस्ता बंद करते.

पहिलं विमान कोणतं घ्यावं? फोकर डी 7. जर्मनांचं 1918चं हे विमान दोन पंखांचं असूनही पंखांमध्ये एकही तार नाही, कारण त्याच्या जाड पंखांच्या पोटातच भक्कम लाकडी तुळया आहेत. पंख सरळ बसवणं यावर शिकता येतं. चाकांजवळच्या दोन-चार तारांवर हात बसवा. मग कॅमल किंवा एस.ई.5ए, दोन्ही बाजूंना एकेका खणाची. दोन खणांच्या विमानांकडे त्यानंतर वळा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विमान सुचवतो. पहिल्या महायुद्धात मोजके भारतीय तरुण ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय एस.ई.5ए उडवत. जुलै 1918मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या खात्यावर दहा विजय नोंदले गेले आणि 22 जुलैला ते पडले, तेव्हा त्यांना विशीही पूर्ण झाली नव्हती. हरदित सिंग मलिक पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण घालून कॅमल उडवत. आणि मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर 23व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. जून 1918च्या अखेरीस त्यांचं विमान शत्रूच्या प्रदेशात पाडलं गेलं आणि जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये हांगार गावच्या युद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे. मराठी घरांत हे नाव जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्यांचं डॉल्फिन बनवायला अवघड आणि बघायला विलक्षण. बहुतेक विमानांत वरचा पंख पुढे सरकलेला असतो. इथे खालचा पुढे आणि वरचा मागे. वरचा पंख इतका खाली, की त्याच्या मध्यभागी नुसती उघडी पोलादी चौकट ठेवली आहे आणि तिच्यातून वैमानिकाचं डोकं वर निघतं. त्याला वर आणि पुढे मोकळं दिसे. विमान उलटलं तर सगळ्यात आधी डोकंच जमिनीला लागेल, ही भीतीही त्याच चौकटीतून आली. दोन्ही बाजूंना दोन-दोन खण, म्हणजे कॅमलच्या दुप्पट फुल्या, आणि पंख उलटे सरकलेले असल्यामुळे बाजूने पाहिलं तर सगळ्या तारा नेहमीच्या विरुद्ध दिशेला कललेल्या. 1:48 प्रमाणात ते साधारण वीस-एकवीस सेंटिमीटर रुंद होतं. पहिल्या वर्षी याला हात लावू नका. तिसऱ्या वर्षी लावा.

राहिलं वय. डोळ्यांसाठी दिव्याचं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात ते नको, त्यात अंतराचा अंदाज जातो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली हवीत. एका बैठकीला चार तारा पुरे, त्याहून जास्त लावायला गेलं की पाचवी चौथीला तोडते. आणि ज्याने तुटलेला ताण्याचा धागा चालत्या कामात गाठ मारून ओढून घेतला आहे, त्याला ताण म्हणजे काय हे मी सांगायला नको. मला ते कळायला दोन विमानं लागली.

पुढच्या वेळी मुलीकडे गेलात की त्या कपाटासमोर पुन्हा उभे राहा, मोबाइलचा दिवा बाजूने टाका आणि तीन गोष्टी बघा. खालून वर जाणाऱ्या तारा जोडीने आहेत का. प्रकाशात त्या चपट्या चमकतात की गोल. आणि खालचा पंख वरच्याच्या पुढे आहे का. असेल तर ते डॉल्फिन असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसं असेल तर मला जरूर कळवा. मीही ते बघायला पुण्याला जाईन.